लेखक अज्ञात

एस्थर आजीनं पुस्तिका शेवटपर्यंत वाचली, मिटली आणि टेबलावर पालथी ठेवली. मग चष्मा काढून स्वेटरच्या टोकानं पुसत बसली. वर्गातली अकरा मुलं तिच्या तोंडाकडे बघत होती. मीही बघत होते, शाबासकीच्या आशेनं. खोटं कशाला बोलू, म्हातारी आता माझा हात हातात घेणार अशीच माझी कल्पना होती.

"हे कुणी छापलं?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणाले. "हिच्याशिवाय आणखी चाळीस प्रती काढल्यात. जिल्ह्याच्या कार्यालयात पाठवल्यात सगळ्या. आता इतर शाळांतल्या मुलांनाही तुमची गोष्ट वाचता येईल."

तिनं पुस्तिका सुलटी केली, पहिलं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गोष्टीच्या नावाखाली मी छापलं होतं, 'त्लिंगित लोककथा'. त्याखाली बारीक अक्षरांत 'लेखक अज्ञात'. आणि त्याच्याही खाली, जरा ठसठशीत अक्षरांत, 'संकलन आणि मांडणी' म्हणून माझं नाव.

"अज्ञात," ती सावकाश म्हणाली. "मी तर तुझ्यासमोर बसले होते."

आवाज चढला नव्हता. तिनं खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला, मुलांना म्हणाली, "आज मी घरी जाते," आणि गेली. दार सावकाश लागलं. पहिल्या बाकावरच्या डेलिया नावाच्या मुलीनं हात वर केला. "मिस हेमा, तुम्ही ग्रॅमा एस्थरची गोष्ट चोरली का?" तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

याला आता एकोणीस वर्षं झाली. मी मूळची खानापूर तालुक्यातली, म्हणजे टँकरची वाट बघण्यात जिचं बालपण गेलं अशी. आणि नोकरी लागली ती अलास्काच्या आग्नेय कोपऱ्यात, साडेतीनशे वस्तीच्या एका बेटावर, जिथं आभाळ वर्षातले निम्मे दिवस गळत असतं. तिकडच्या आडबाजूच्या शाळांना विज्ञानाचे शिक्षक मिळत नव्हते आणि मला घरी बसून पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बशा फिरवायच्या नव्हत्या. दोघांचीही नड होती, जमून गेलं.

गाव त्लिंगित लोकांचं. हजारो वर्षं तिथंच राहिलेली, समुद्रावर आणि जंगलावर जगलेली माणसं. त्यांच्या शाळेची एक रीत मला फार आवडायची. वसंत आला की पुस्तकं मिटायची आणि वर्ग थेट किनाऱ्यावर भरायचा. शिकवायला एस्थर आजी. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात पिवळा रेनकोट, पायात नातवाचे रबरी बूट. हेरिंग नावाचे वीतभर चंदेरी मासे त्या दिवसांत अंडी घालायला खाडीत येतात. गावकरी हेमलॉकच्या, म्हणजे तिकडच्या सूचिपर्णी झाडाच्या, फांद्या दगड बांधून पाण्यात सोडतात. मासे त्यांवर अंडी घालतात. दोन-तीन दिवसांनी फांदी वर काढली की सुई न् सुई गाभोळीनं लगडलेली असते. कढत पाण्यात क्षणभर बुडवून खायची. दाताखाली कुरकुरते, आणि तोंडात सगळा समुद्र. पहिल्यांदा मी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन खाल्ली. नंतर मला आवरावं लागायचं.

पण आजी नुसती मासेमारी शिकवत नव्हती. सीगल कुठल्या बाजूला ओरडतायत, मासे आले की पाण्याला दुधाळ रंग कधी चढतो, हे सगळं ती मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या भाषेत म्हणवून घ्यायची. ती भाषा घडाघडा बोलणारं गावात दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. माशाची चेष्टा करायची नाही, किती मिळाले याची बढाई मारायची नाही आणि फांदी तोडण्याआधी झाडाला सांगायचं, असे तिचे नियम.

"मी कुठल्या भाषेत सांगू?" पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं.

"तुला खोटं बोलता येत नाही अशा," ती म्हणाली.

मी मराठीत सांगितलं. मुलं खुसखुसली. आजीनं मात्र मान डोलावली, आणि त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. ती अंडी दाखवायची, मी सूक्ष्मदर्शक मांडायचे. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होताना ती स्वतः डोळा लावून बघत बसायची आणि मुलांना नंबर द्यायची नाही.

त्याच वर्षी, शेवटच्या दिवशी, तिनं शेकोटीजवळ बसून त्या खाडीची एक गोष्ट सांगितली. ती मी इथं सांगणार नाही. इतकंच सांगते की ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. खोलीवर जाऊन मी ती आठवेल तशी लिहून काढली. आमच्याकडे गोष्ट ऐकली की ती आपली झाली. दुसऱ्या दिवशी तिखटमीठ लावून पुढं सांगायची, यात कसली चोरी? मी तर ती छापून तिचं भलंच करतेय असं मला वाटत होतं. माणूस चुकतो तेव्हा बहुतेकदा असाच खुशीत असतो.

आजी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुख्याध्यापकांनी फोन केला तर म्हणाली, गुडघे दुखतायत. तिचे गुडघे माझ्यापेक्षा धड होते. दुकानात भेटली तेव्हा माझ्याशी हवामानावर दोन वाक्यं गोड बोलली आणि पावाचा पुडा घेऊन निघून गेली. त्यापेक्षा तिनं चारचौघांत कान उपटला असता तर बरं झालं असतं. मासे यायला जेमतेम दोन आठवडे उरले होते. ती आली नाही तर मुलांचा तो वसंत गेलाच, आणि अठ्ठ्याहत्तरीच्या बाईच्या पुढच्या वसंताची हमी कुणी द्यायची? हे सगळं माझ्यामुळं होणार होतं.

शेवटी मी वॉल्टरला गाठलं. वॉल्टर शाळेचा बॉयलर आणि शाळेची बोट, दोन्ही सांभाळायचा. पन्नाशीचा, मितभाषी, आजीच्या वारलेल्या नवऱ्याचा भाचा. बॉयलरच्या खोलीत ऊब असायची, म्हणून मी एरवीही तिथं जाऊन बसायचे.

"ती रागावलीय," मी म्हणाले.

"नाही. रागावली असती तर तुला कळलं असतं," तो म्हणाला. हातातला पाना पुसून त्यानं खाली ठेवला. "तुमच्याकडे जमीन कुणाची आहे हे कशावरून ठरतं?"

"सातबारा असतो. सरकारी कागद. त्यावर मालकाचं नाव असतं."

"एस्थरच्या कुळाचा कागद म्हणजे ती गोष्ट. त्या खाडीशी त्यांचं नातं काय, तिथं त्यांचं कोण गेलं, ते सगळं तिच्यात आहे. ती त्यांनीच सांगायची. आमच्यात दोन बाजू असतात, लग्नं समोरच्या बाजूत होतात. मी गरुडाच्या बाजूचा, ती डोमकावळ्याच्या. लहानपणापासून ऐकतोय, शब्दन् शब्द पाठ आहे मला. पण मी ती कधी सांगितली नाही, सांगणारही नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू त्यांचा कागद छापलास, आणि मालकाच्या जागी लिहिलंस, अज्ञात."

 आमच्याकडे बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. मी तर सगळं शिवारच बेवारस करून टाकलं होतं.

"मी आत्ता जाऊन माफी मागते."

"एकटीनं नाही जायचं. असलं काही झालं की मध्ये व्याह्यांकडचा माणूस लागतो. म्हणजे मीच," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच किंचित हसला. "आधी त्या प्रती परत आण."

मी जिल्ह्याच्या कार्यालयात फोनवर फोन केले. एकीकडे आर्जवं, दुसरीकडे धमक्या. आठवड्यानं टपालाच्या विमानातून खोकं आलं. चाळीसांतल्या अडतीस प्रती होत्या; वर्गातली प्रतही मी त्यांत घातली. दोन कुठं गेल्या ते आजतागायत कळलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

रविवारी दुपारी वॉल्टर मला तिच्या घरी घेऊन गेला. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. आजीनं कॉफी ओतली, जाड खारी बिस्किटं पुढं केली. खोक्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"मला माफ करा," मी सुरुवात केली.

"थांब," ती म्हणाली. "तू कोण?"

मी गोंधळले. "मी हेमा. विज्ञान शिकवते."

"ते तुझं काम झालं. तू कुणाची? माफी घ्यायची तर ती कुणाकडून घेतेय हे मला कळायला नको? तुझ्या मागं कोण उभं आहे?"

आमच्या शाळेतलं प्रत्येक मूल रोज सकाळी उभं राहून हे सांगायचं. माझं नाव अमुक, मी डोमकावळ्याच्या किंवा गरुडाच्या बाजूचा, माझं कूळ हे, माझ्या आजीचं नाव हे. दीड वर्ष मी ते कौतुकानं ऐकलं होतं आणि हजेरी मांडली होती. स्वतःची पाळी येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

मी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. मग एकदम आठवलं. "आमच्याकडे देवक असतं," मी म्हणाले. "प्रत्येक घराण्याचं वेगळं. कुणाचं झाड, कुणाचा पक्षी. आमचं पंचपल्लव, पाच झाडांची पानं. लग्नाआधी त्याची पूजा होते. आपलं देवक आपण तोडायचं नाही, जाळायचं नाही. आणि एका देवकाच्या माणसांनी आपसांत लग्न करायचं नाही."

आजीनं कप खाली ठेवला. वॉल्टरकडे बघून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. तो हसला.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" तिनं मला विचारलं. "मी समजत होते, तुमच्याकडे नुसत्या परीक्षा असतात."

माझा जीव भांड्यात पडला. पण ती थांबली नव्हती.

"ही तुझ्या वडिलांची माणसं झाली. आमच्यात मूल आईच्या कुळाचं. तुझ्या आईचं देवक कुठलं?"

"तेच. लग्न झालं की बाईचं देवक नवऱ्याचंच होतं."

"तुझी आई काय लग्नाच्या दिवशी जन्मली?"

  तीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नाही याची लाज वाटली.

"विचारून ये," आजी म्हणाली. "बुधवारी सगळे शाळेच्या हॉलमध्ये जमतील. तिथं सांग. मग बाकीचं बघू."

संध्याकाळी मी आईला फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ झाली होती, मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"आई, तुझं देवक काय गं?"

 "अगं बया! कुठलं स्थळ? हितलं का तिकडलं? हेमे, गोरा न्हाय ना गं?"

"स्थळ नाही आई. शाळेत सांगायचंय."

"शाळंत देवक? काय तरी खुळ्यागत. आपलं पंचपल्लव. तुला ठाऊक हाय की."

"ते बाबांचं. तुझं सांग. माहेरचं."

 कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मला वाटलं लाइन तुटली.

"आई?"

"साळुंकीचं पीस," ती म्हणाली. आवाज वेगळाच आला, आपल्याच घरात कुणी लपून बोलावं तसा. "माझ्या लग्नाच्या आदल्या दिशी आप्पा पहाटंपासनं बांधाबांधानं हिंडत हुते. मारून घ्यायचं न्हाई, पडल्यालंच पीस लागतंय. दुपारी घावलं. पागोट्यात खोचून आणलं बघ त्यांनी. मी पुजलं, आन् मग हिकडं आले. पस्तीस-चाळीस वर्सं झाली. कुणी इचारलंच न्हाई गं कधी."

 "आणि तुझं नाव? तिथं आईचं नाव सांगावं लागतं."

"सुलोचना की."

"ते बाबांनी ठेवलेलं. आधीचं."

"हौसा," ती म्हणाली. "लई मुलांमागं झालेली एकटी पोर. आप्पांनी हौसेनं ठेवलं."

"आणि आजीचं?"

"पारूबाई. पर ते सासरचं. म्हायेरचं मला न्हाय ठाऊक. आई गेली तवा मी नऊ वर्साची. आता कुणाला इचारू?"

बुधवारी हॉल भरला होता. डोमकावळ्याची बाजू एकीकडे, गरुडाची समोर, मध्ये मोकळी जागा. वॉल्टर माझ्याशेजारी उभा राहिला.  आजीनं आधीच बजावलं होतं, पहिल्यांदा तुझ्या भाषेत. त्या हॉलमध्ये मराठीचा एक शब्द कळणारं कुणी नव्हतं. म्हणूनच कदाचित मला खोटं बोलता आलं नाही.

"मी हेमा. साळुंकीचं पीस ज्यांचं देवक, त्या घरातल्या हौसाची मी लेक. हौसा पारूबाईची लेक. पारूबाईचं माहेरचं नाव आम्ही हरवलंय."

तेच मग इंग्रजीत सांगितलं. वडिलांची माणसंही सांगितली. आणि म्हणाले, "एस्थरच्या कुळाच्या गोष्टीवर मी 'अज्ञात' लिहिलं. नाव मला माहीत होतं. ते लिहायला हवं हे मला सुचलं नाही, आणि ती गोष्ट छापायचा हक्क मला नव्हताच. दोन प्रती मला परत मिळवता आल्या नाहीत. मी तुमची अपराधी आहे." खोकं मी तिच्या पायाशी ठेवलं.

  आजी उठली आणि मुलांकडे वळली.

"हिच्या आईचं नाव काय?"

"हौसा," दोन-तीन मुलं पुटपुटली.

"मला ऐकू आलं नाही."

"हौसा!" सगळा हॉल म्हणाला. डेलिया सगळ्यांत मोठ्यानं.

आजी माझ्या मागं, जिथं कुणीच उभं नव्हतं तिथं बघून बोलू लागली. "गुनल्चीश, हौसा," ती म्हणाली. गुनल्चीश म्हणजे धन्यवाद. "तुझी लेक आमच्याकडे आहे. तिला अजून बरंच शिकायचंय. पण आता ती कुणाची आहे ते आम्हाला ठाऊक आहे." आणि मी, तीस वर्षांची घोडी, साडेतीनशे माणसांसमोर मुसमुसून रडले. वॉल्टरनं खिशातून एक फडकं काढून दिलं. त्याला डिझेलचा वास येत होता.

चार दिवसांनी खाडी दुधासारखी झाली. पिवळा रेनकोट किनाऱ्यावर सगळ्यांच्या आधी हजर होता. फांद्या पाण्यात गेल्या, भरून वर आल्या, मुलांनी शब्द म्हटले, मी सूक्ष्मदर्शक मांडला. शेवटच्या दिवशी शेकोटी पेटली आणि आजी गोष्टीला बसली, तेव्हा मी आपण होऊन उठले आणि वॉल्टरच्या बोटीतलं पाणी उपसायला गेले. तिनं मला थांबवलं नाही, जा असंही म्हणाली नाही. त्यानंतर मी तिथं पाच वर्षं राहिले, दर वर्षी ती बोट कोरडी केली. लांबून तिचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मला ते पुरायचं. आता ती नाही. डेलिया त्याच शाळेत शिकवते, आणि आजीच्याच कुळातली असल्यामुळं गोष्टही तीच सांगते.

त्या बुधवारी, हॉलमधून खोलीवर येताच मी घरी फोन लावला होता. आई दळणाला निघाली होती.

"आई, आज सगळ्या गावानं तुझं नाव घेतलं."

"कुठलं?"

"हौसा."

 डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "कसं म्हटली ती समदी?"

"हौसा," मी म्हणाले.

"आप्पा गेल्यापास्नं कुणी हाक मारली न्हवती त्या नावानं," ती म्हणाली. नाक ओढलं. "जरा मोठ्यानं म्हण गं. फोन धरते हितं. तुझ्या बापालाबी ऐकू दे."